फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत उतरला, आता काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फुप्फुसाच्या कॅन्सरची सुरुवातीची लक्षणं लिहिली होती, न थांबणारा खोकला, थुंकीत रक्त, आवाज बसणं वगैरे, आणि पत्रं मेसेज आले ते जवळजवळ सगळे हाडांचे. कुणाची पाठ, कुणाची मांडी, कुणाची बरगडी. यात नवल काही नाही म्हणा, हा आजार पुढच्या टप्प्यात गेला की दहातल्या तीन-चार पेशंटच्या हाडांत उतरतोच, आणि घरच्यांना खोकल्यापेक्षा रात्री कण्हणारा माणूस जास्त अस्वस्थ करतो. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं घेतलेली नाहीत. एका मेसेजला मात्र अंक निघायची वाट बघितली नाही, तोच आधी घेतो.

प्रश्न : बापूंना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, किमो चालू आहे. महिन्याभरापासून पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे दुखतं, आडवं झालं की वाढतं म्हणून रात्र खुर्चीत काढतात. खोकला आला की छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं. आता चार दिवस झाले पाय लटपटताहेत, काल ओट्याची पायरी चढता आली नाही, म्हणाले "मना पायमा जीव नही शे". डॉक्टरांची तारीख पुढच्या बुधवारी आहे. तोपर्यंत कमरेचा बेल्ट लावला तर चालेल का?
— मुलगा, रावेर तालुका

भाऊ, तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इथे सगळ्यांसाठी लिहितो. बुधवार नाही, आजच. आत्ता जी गाडी मिळेल तिने, पण माणसाला आडवं झोपवून.

होतं काय, की कॅन्सर पाठीच्या मणक्यात बसला की मणका आतून पोकळ होतो, कधी दबतो, कधी गाठ मागच्या बाजूला वाढते, आणि तिथेच मज्जारज्जू आहे, म्हणजे मेंदूकडून पायाला, लघवीला, संडासला हुकूम नेणारी दोरी. ती दबायला लागली की आधी फक्त दुखतं, बरेचदा कित्येक आठवडे नुसतं दुखतंच, मग पाय जड होतात, मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, मग लघवी तुंबते. दुखण्यापासून पाय जाईपर्यंत महिना जातो पण पाय लटपटायला लागले की तिथून पुढे सगळं तासांवर येतं. उपचार सुरू होताना जो माणूस चालत होता तो बहुतेक वेळा चालत राहतो, आणि ज्याचे पाय आधीच पूर्ण गेले त्यातले फार थोडे परत उभे राहतात. म्हणून मी बुधवारवर एवढा चिडलो.

हॉस्पिटलात गेल्यावर नंबर लावून ओपीडीच्या बाकावर बसू नका. थेट कॅज्युअल्टीत जायचं आणि हे एक वाक्य बोलायचं, "फुप्फुसाचा कॅन्सर आहे, पाठ दुखते आणि पायातली ताकद जातेय". कॅन्सर हा शब्द लाजून गाळू नका, नाहीतर ड्यूटीवरचा पोरगा डॉक्टर कंबरदुखी समजून इंजेक्शन देऊन घरी पाठवू शकतो, त्याचीही चूक नाही, रोज शंभर कंबरा बघतो तो. एमआरआय लागतो आणि तो पूर्ण पाठीच्या कण्याचा, मानेपासून खालपर्यंत, कारण बरेचदा एकापेक्षा जास्त जागी दाब असतो आणि दुखतं एकीकडे, दाब दुसरीकडे. चोवीस तासांच्या आत तो व्हावा असा दंडक आहे. संशय पक्का असेल तर डॉक्टर एमआरआयच्या आधीच डेक्सामेथासोन सुरू करतात, हे स्टिरॉइड आहे, साधारण 16 मिलिग्रॅम दिवसाला, सूज उतरवतं. बापूंना शुगर असेल तर आठवणीने सांगा, त्याने शुगर वाढते.

पुढे मग ऑपरेशन की रेडिएशन हे ठरतं. 2005 साली यावर एक अभ्यास आला होता, एकाच जागी दाब असलेल्या पेशंटांचा, त्यात नुसतं रेडिएशन दिलेल्यांपैकी 57 टक्के चालू शकले आणि आधी ऑपरेशन करून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी 84 टक्के. पण प्रत्येकाला ऑपरेशन झेपत नाही, आजार किती पसरलाय, तब्येत कशी आहे, सगळं बघावं लागतं, म्हणून "त्यांचं ऑपरेशन केलं मग आमचं का नाही" असं भांडू नका. आणि बेल्टचं विचारलंत म्हणून सांगतो, मणका किती टिकाऊ आहे हे स्कॅनमध्ये कळल्याशिवाय बेल्टच्या भरवशावर चालवायचं नाही.

(बापूंचा एमआरआय त्याच रात्री झाला, रेडिएशन सुरू झालंय, सध्या वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात असं मुलाने कळवलंय.)

प्रश्न : आमचे आबा, वय 62, बिडी 40 वर्षं. फुप्फुसाचा कॅन्सर, किमो सुरू. उजव्या मांडीत दुखतं, बसून असले की काही नाही पण चालताना पाय टेकला की कळ येते. गावाजवळ एक हाडवैद्य आहेत, चांगला हात आहे, आमच्या काकांचा निखळलेला खांदा त्यांनीच बसवला. तेल लावून चोळून पट्टी बांधतो म्हणतात. एक्स-रे काढला होता दोन महिन्यांपूर्वी, नॉर्मल आहे. नेऊ का?
— अमळनेर तालुका

नको. हाडवैद्यांच्या हाताबद्दल मला काही म्हणायचं नाही, निखळलेला खांदा वेगळा आणि हे वेगळं.

आपलं हाड म्हणजे काही दगड नाही, ते जिवंत आहे, रोज थोडं खाल्लं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. खाणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. कॅन्सरच्या पेशी हाडात जाऊन स्वतः हाड खात नाहीत, त्या या खाणाऱ्या पेशींना उचकवतात, आणि त्यांनी हाड पोखरलं की हाडात साठलेले वाढीचे पदार्थ मोकळे होतात, ते कॅन्सरलाच पोसतात, तो आणखी उचकवतो. असं ते चक्र आहे. धाब्याच्या घरातला वाळवी लागलेला सरा बाहेरून कसा साबूत दिसतो, वर माती टाकायला चार माणसं चढली की मग कळतं, तसं आबांच्या मांडीचं हाड असू शकतं. त्यावर कोणी तेल लावून जोर दिला किंवा पाय पिळला तर ते तिथेच मोडेल आणि मग तो दोष कोणाच्या माथी मारायचा यावर घरात वर्षभर भांडण.

एक्स-रे नॉर्मल आला यावर जाऊ नका, हाडातला तिसरा ते अर्धा हिस्सा खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत दिसतच नाही बऱ्याचदा, आणि तुमचा तर दोन महिन्यांपूर्वीचा आहे. पुन्हा काढा, आणि काढताना खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खी मांडी घ्यायला सांगा. जोडीला सीटी, एमआरआय, बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन, काय लागेल ते डॉक्टर ठरवतील.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पाय टेकला की कळ येते. वजन दिल्यावर दुखणं हे हाड मोडायच्या बेताला आल्याचं लक्षण असतं. हाडाचे डॉक्टर यासाठी मार्क देतात, मिरेल्स नावाच्या डॉक्टरांनी 1989 साली ही पद्धत मांडली, जागा कुठली, दुखणं कसलं, डाग पोखरलेला आहे की घट्ट, आणि हाडाच्या जाडीच्या किती भागात आहे, अशा चार गोष्टींचे मिळून 12 पैकी मार्क, आणि 9 किंवा जास्त झाले तर मोडायची वाट न बघता आधीच आत रॉड टाकायचा. लोकांना हे पटत नाही, "मोडलं नाही तर ऑपरेशन कशाला", पण आधी रॉड टाकलेला माणूस लवकर उभा राहतो आणि मोडल्यावर टाकलेला माणूस आधी रक्त आणि दुखण्याने निम्मा होतो, शिवाय कॅन्सरने पोखरलेलं हाड आपलं आपण नीट जुळत नाही. जखम भरली की साधारण दोन ते चार आठवड्यांत तिथे रेडिएशन देतात, नाहीतर रॉडच्या आजूबाजूला पोखरणं चालूच राहतं.

एक्स-रे होईपर्यंत आबांना त्या पायावर वजन देऊ देऊ नका. वॉकर किंवा कुबड्या, संडासला कमोडची खुर्ची, आणि बिडी आणायला कोपऱ्यावर जातात तेवढं बंद. बिडीबद्दल आता लेक्चर देत नाही.

प्रश्न : सासूबाईंनी आयुष्यात बिडी ओढली नाही तरी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तपासणीत ईजीएफआर निघालं म्हणून रोज एक गोळी चालू आहे, खोकला गेला, वजन वाढलं. आता डॉक्टर म्हणतात हाडांसाठी महिन्याला एक सलाईन लावायचं आणि त्याआधी दात दाखवून या. गोळी एवढी चांगली लागू पडलीय तर हे कशाला? आणि दातांचा काय संबंध? त्या मशेरी लावतात, तीन दात हलतात.
— सून, शहादा

ताई, बिडी न ओढता फुप्फुसाचा कॅन्सर होतो आणि त्या गटात ईजीएफआर, म्हणजे कॅन्सरच्या पेशीतला एक ठरावीक जनुकीय बदल, जास्त सापडतं, म्हणून "कुठलं पाप केलं" असं जे तुमच्याकडे कोणी बोलत असेल त्यांना गप्प करा.

गोळी कॅन्सरवर काम करते, सलाईन हाडावर. ते सलाईन म्हणजे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, 4 मिलिग्रॅम, किमान 15 मिनिटांत हळू सोडतात, बहुधा दर 3-4 आठवड्यांनी, काही डॉक्टर पुढे 12 आठवड्यांवर नेतात. मघाशी ज्या हाड खाणाऱ्या पेशी सांगितल्या त्यांना ते झोपवतं. त्याने कॅन्सर बरा होत नाही हे स्पष्ट सांगतो, हाड मोडणं, रेडिएशन लागणं, मणका दबणं हे पुढे ढकललं जातं. 2003 साली एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यात निम्मे पेशंट फुप्फुसाचे होते, नुसतं साधं सलाईन मिळालेल्यांना हाडाचा पहिला मोठा त्रास साधारण 163 दिवसांत आला, औषध मिळालेल्यांना 230 दिवसांत. दोन महिने कमी वाटतील कोणाला. पण तुमच्या सासूबाईंसारखी ज्यांची गोळी चांगली चालते त्यांना पुढे बरंच आयुष्य काढायचंय आणि तेवढा काळ हाडं टिकायला हवीत, त्यामुळे "गोळी चांगली चाललीय म्हणून सलाईन नको" हा हिशोब उलटा आहे.

आता दात. हे औषध जबड्याच्या हाडातही जाऊन बसतं. अशा वेळी दात काढला तर ती जागा भरत नाही, हाड उघडं पडतं, पू होतो, महिनोन् महिने चिघळतं. होतं कमी जणांना, शंभरात एक-दोघांना साधारण, पण ज्याला होतं त्याला भाकरी चावता येत नाही. म्हणून हलणारे, किडलेले दात आधी काढून घ्यायचे, हिरडी भरू द्यायची, डेंटिस्ट हो म्हणाला की मग पहिलं सलाईन. मशेरी बंद. मला माहितीय सकाळची मशेरी सोडायला सांगणं म्हणजे सुनेने सासूला काय काय ऐकवणं असतं, त्यामुळे ते माझ्या नावावर खपवा, हे पान कापून दाखवा.

प्रत्येक सलाईनच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं, किडनीवर ताण येतो. जोडीला कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी च्या गोळ्या देतात, नाहीतर कॅल्शियम खाली जाऊन हातापायाला वांब येतात, तोंडाभोवती मुंग्या येतात. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, पॅरासिटामॉलने जाते, पुढच्या डोसला सहसा येत नाही. किडनी कमजोर असेल तर डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन आहे, 120 मिलिग्रॅम, दर 4 आठवड्यांनी कातडीखाली, त्याला सलाईन लागत नाही, पण महाग पडतं, जबड्याचा धोका त्यातही तसाच आणि कॅल्शियम त्यात जास्त पडतं.

अजून एक, पुढच्या स्कॅनच्या रिपोर्टमध्ये हाडात "नवीन पांढरे डाग" असं आलं तर लगेच रडारड नको. गोळी लागू पडल्यावर पोखरलेली जागा भरत येते आणि भरताना सीटीत पांढरी दिसते, आधी जे डाग दिसतही नव्हते ते आता भरल्यामुळे दिसायला लागतात. फुप्फुसातली गाठ कमी झालीय, दुखणं कमी आहे आणि हाडात पांढरं दिसतंय, तर बहुतेक वेळा ती भरण असते. तरी रिपोर्ट डॉक्टरांनीच वाचायचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून भाच्याने नाही.

प्रश्न : नानांना आठ दिवसांपासून सारखी झोप लागते, उठवलं तर असंबद्ध बोलतात, मेलेल्या माणसांना हाका मारतात. पाणी खूप पितात, लघवीला सारखं जातात, संडास मात्र पाच दिवस नाही. भाकरीकडे बघतही नाहीत. ऊन 45 च्या पुढे आहे म्हणून आम्हाला वाटलं ऊन लागलं, कांद्याचा रस लावला, पन्हं दिलं. आता शेजारीपाजारी म्हणतात माणसं दिसायला लागली म्हणजे वेळ आली, पाहुण्यांना कळवा. कॅन्सर हाडात आहे.
— भुसावळ

पाहुण्यांना नंतर कळवा, आधी रक्तातलं कॅल्शियम तपासा. सोडियम, क्रिएटिनिन आणि शुगरही त्याच रक्तात होऊ द्या.

हाडं पोखरली की त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं, शिवाय फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये, खास करून स्क्वॅमस प्रकारात, गाठ स्वतः एक हार्मोनसारखा पदार्थ सोडते आणि त्याने कॅल्शियम चढतं, मग हाडात डाग एखाददुसराच असला तरी. चढलं की लक्षणं नेमकी तुम्ही लिहिलीत तशी, तहान, लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी, बडबड. लघवीतून पाणी जातं, पाणी गेलं की कॅल्शियम आणखी घट्ट होतं, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हे चक्र किती जोरात फिरत असेल बघा. उन्हाने होतं असं वाटणं चूक नाही, उन्हाने ते वाढतंच, पण पन्ह्याने ते उतरणार नाही.

रक्तातलं कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) मधे असायला हवं, 14 च्या वर गेलं तर ती इमर्जन्सी. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी असेल, आणि या पेशंटांत असतंच, तर रिपोर्टातला आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, तो दुरुस्त करून वाचावा लागतो, म्हणून "10.4 आहे, नॉर्मल आहे" असं लॅबवाल्याने सांगितलं तरी थांबू नका. अ‍ॅडमिट करून भरपूर सलाईन, मग तेच झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, दोन ते चार दिवसांत उतार पडतो, माणूस डोळे उघडून चहा मागतो. सगळ्यांचं असं होतं असं नाही, कॅल्शियम चढणं हे आजार पुढे गेल्याचंही लक्षण आहे आणि काही वेळा उतरून पुन्हा चढतं. पण उपचार होण्यासारखी गोष्ट तपासलीच नाही आणि "वेळ आली" म्हणून गंगाजल पाजत बसलो, हे मला पटत नाही.

आणि घरात कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या, आणि बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आजच डॉक्टरांना दाखवा, बंद कराव्या लागतील. मघाशी शहाद्याच्या ताईंना कॅल्शियम घ्या म्हणालो आणि तुम्हाला बंद म्हणतोय, दोन्ही बरोबर आहे, त्यांना खाली जाऊ नये म्हणून, तुमचं आधीच वर आहे. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर गोळ्या घेऊ नयेत ते यासाठी.

प्रश्न : बरगडी आणि खुब्याच्या दुखण्यासाठी आईला शेक (रेडिएशन) द्यायचा ठरलं. शेजारच्या गावातल्या एकाला दहा शेक दिले, आम्हाला डॉक्टर म्हणतात एकच पुरे. योजनेत आहोत म्हणून आमच्यावर काटकसर करतात का?
— पारोळा

शंका येणं साहजिक आहे पण नाही, इथे काटकसर नाही. हाडाच्या दुखण्यासाठी 8 ग्रे (हे रेडिएशनचं माप) चा एकच शेक आणि 30 ग्रे चे दहा शेक यांची बऱ्याच अभ्यासांत तुलना झालीय आणि दुखणं कमी होण्यात फरक निघालेला नाही, साधारण तीनातल्या दोघांना आराम पडतो दोन्हीकडे. फरक एवढाच की एक शेक घेतलेल्यांना पुढे त्याच जागी पुन्हा द्यावा लागण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि तो देता येतो. आईला पारोळ्याहून दहा वेळा गाडीत हाडं खिळखिळी करत नेण्यापेक्षा एकदा नेलेलं बरं नाही का? मणका दबलेला असेल, ऑपरेशन झालेलं असेल, तर दिवस जास्त देतात, ते वेगळं. शेजारच्या गावातल्यांचं तसं काही असू शकेल.

दुसऱ्याच दिवशी आराम पडेल अशी अपेक्षा धरू नका, दोन ते चार आठवडे लागतात, उलट पहिले दोन-तीन दिवस दुखणं वाढूही शकतं. ते माहीत नसलं की लोक म्हणतात शेकाने बिघडलं. त्या दिवसांसाठी गोळ्या आधीच लिहून घ्या.

प्रश्न : मॉर्फिन सुरू केलं म्हणजे शेवटचं असतं का? व्यसन लागेल का? सध्या मेडिकलवाला देतो त्या पेनकिलरवर भागतंय, दिवसाला चार-पाच लागतात.
— चाळीसगाव, आणि याच अर्थाचं शिरपूरहून

मला काळजी तुमच्या त्या चार-पाच गोळ्यांची आहे, मॉर्फिनची नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन जातीच्या गोळ्या रोज एवढ्या घेतल्या तर जठरात जखम होते आणि किडनी जाते, आणि किडनी गेली की हाडाचं सलाईनही देता येत नाही, किमोही अडते. मॉर्फिन नीट डोसात दिलं तर किडनी बिघडवत नाही, मात्र किडनी आधीच कमी असेल तर डोस कमी करावा लागतो किंवा दुसरं औषध निवडतात.

शेवटचं वगैरे काही नाही. दुखणं जास्त म्हणून ते देतात, रेडिएशनने किंवा गोळीने दुखणं कमी झालं की कमी करत बंदही करतात. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्या कॅन्सर पेशंटला नशेबाजासारखं व्यसन लागणं विरळा. हां, अचानक बंद करायचं नाही. तोंडाने घ्यायची साधी गोळी दर चार तासांनी असते, दुखायला लागल्यावर नाही, घड्याळावर, आणि मधे कळ आली तर जादा डोस किती घ्यायचा ते लिहून घ्यायचं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी, मळमळ येते आणि जाते, बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ व्हायची गोळी पहिल्या दिवसापासून.

मिळत नाही ही तक्रार खरी आहे. 2014 साली कायदा बदलून सोपा झाला, मान्यता मिळालेलं हॉस्पिटल ते ठेवू शकतं, तरी आपल्याकडे तालुक्याच्या मेडिकलवर ते सापडणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदनाशमनाचा विभाग कुठे आहे ते आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, एका वेळी काही आठवड्यांचं लिहून देतात.

आणि घरातल्या बायकांकडे बघा. मी ओपीडीत विचारतो "किती दुखतं?", माऊली म्हणते "आहे आपलं थोडंथोडं", आणि खुर्चीवरून उठताना ओठ दाताखाली धरते. मुलांचा पैसा जातोय म्हणून सांगत नाहीत. रात्री कूस बदलताना काय होतं ते सोबत झोपणाऱ्याने सांगायचं.

प्रश्न : हाडं मजबूत व्हायला हाडसांधी, शेवगा, कळण्याची भाकर दिली तर?
— धरणगाव

शेवगा, भाकर, दूध, भरीत, जे जाईल ते द्या, खाणं तुटू नये हे महत्त्वाचं. त्याने पोखरलेलं हाड भरेल असं समजू नका. हाडसांधीचा रस किंवा पुड्या किमोच्या गोळ्यांसोबत नको, काय कशाशी भिडेल सांगता येत नाही.

प्रश्न : वडिलांच्या मणक्यात आहे, टाटाला मुंबईला दाखवायचंय. फोर व्हीलर करावी की रेल्वे? पैशाचीही ओढाताण आहे.
— पाचोरा

डॉक्टरांनी मणका टिकाऊ आहे, प्रवास चालेल असं सांगितलं असेल तर रेल्वे. जीपमधे तासन् तास बसून धक्के खाण्यापेक्षा आडवं होऊन जाता येतं. मणका डळमळीत असेल किंवा पायात ताकद नसेल तर दोन्ही नाही, स्ट्रेचरची अ‍ॅम्ब्युलन्स, आणि तीही बहुतेक वेळा मुंबईपर्यंत नको, जळगाव, धुळे, नाशिकला जिथे रेडिएशन मिळेल तिथे आधी. टाटाचं नाव मोठं आहे, पण हाडावरचा एक शेक किंवा झोलेड्रॉनिकचं सलाईन यासाठी मुंबईची वारी लागत नाही, निदान आणि औषधाची दिशा तिथून ठरवून बाकीचं जवळ करणारे पुष्कळ पेशंट आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड, आधार दाखवून आधी विचारा की नेमकं कशाकशाला मंजुरी आहे.

रेल्वेची कॅन्सर पेशंटसाठी सवलत आहे, उपचाराला किंवा तपासणीला जाताना स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला दाखला उपचार चालू असलेल्या हॉस्पिटलातून सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढायचं. लोअर बर्थ मागून घ्या, वडिलांना मिडल बर्थवर चढवू नका, आणि जुने एमआरआय, स्कॅनच्या फिल्म, बायोप्सीचे ब्लॉक (काढलेला तुकडा जपलेले मेणाचे ठोकळे) हातातल्या पिशवीत ठेवा, सीटखाली टाकू नका.